यिर्मया 29:11 ऐकलं की आता राग येतो

विहिरीकाठची:
सर्वांना सलाम. आम्ही नेवासे तालुक्यातले, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, किडनीचं दुखणं होतं. डायलिसिसपायी तीन एकरांतलं दीड एकर विकलं. तेव्हापासून भेटेल त्याला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं 29:11 हे वचन आठवतं, देवाच्या मनात तुमच्यासाठी हिताचे संकल्प आहेत म्हणणारं. सांत्वनाच्या प्रार्थनेत तेच, नणंदेने दिलेल्या कपावर तेच, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर तेच. 'हिताचे संकल्प.' कोणाच्या हिताचे, असं ओठांवर येतं आणि मी गिळून टाकते.

गेल्या महिन्यात भाचीच्या हळदीत खळखळून हसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. घरी येऊन कपाट उघडलं, त्यांचा शर्ट दिसला आणि चोरी करताना सापडल्यासारखं झालं. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत माझ्यासारखीसाठी खरंच काही आहे का? कृपा करून 29:11 टाकू नका.

आशीर्वाद_77:
यिर्मया 29:11. आमेन ताई.

जुना_संडेस्कूलवाला:
भाऊ, प्रश्न वाचलात का?
ताई, राग येणारच. लोक 11वं वचन छापतात आणि 10वं सोडतात. त्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं ते पत्र होतं, आणि ऐकणारे बरेचसे तिथेच मातीआड होणार होते. म्हणूनच त्याच पत्रात आधी सांगितलंय: घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा. लगेच सगळं ठीक होईल, असं त्यात कुठेही नाही. तुम्ही 32वा अध्याय वाचा.

दस्तलेखक:
32 वर मी बोलतो, माझ्या धंद्याचा विषय आहे. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर, त्याच्या फौजेचा यरुशलेमला वेढा, मोर्चे तटाला भिडलेले, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथचं माझं शेत घे. अनाथोथ यरुशलेमपासून जेमतेम 5 किलोमीटर, म्हणजे मुलूख शत्रूच्या हाती. तरी हा 17 शेकेल रुपं तोलून देतो, आजच्या मापाने 200 ग्रॅमच्या आतबाहेर चांदी. साक्षीदार, सही, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजे. असा दस्त माझ्याकडे आला असता तर मी गिऱ्हाइकाला घरी पाठवलं असतं.
आणि गंमत पाहा, सही झाल्यावर तो देवाला विचारतो की शहर तर पडतंय, मग मला शेत कशाला घ्यायला लावलंस? आधी व्यवहार, शंका मागून.

जुना_संडेस्कूलवाला:
शहर पडलंच, इ.स.पू. 587-586 च्या सुमारास. पण बायबलमधलंच एज्राचं पुस्तक, 2:23 उघडा. बाबेलहून परतलेल्यांच्या यादीत अनाथोथचे 128 जण आहेत. यिर्मयाला ते दिसले नाहीत.

कोल्हापूरची_मावशी:
हळदीचं मी सांगते गं. 'नवऱ्यानवरीचा शब्द बंद पाडीन' हे यिर्मयाने तीनदा सांगितलंय, 7:34, 16:9 आणि 25:10 मध्ये. आणि 33:11 मध्ये तोच शब्द त्याच ओसाड गल्ल्यांत पुन्हा ऐकू येईल म्हणतो. रडवणाऱ्यानेच लग्नघर परत आणलंय. तू हसलीस ते कुणाचं चोरून नाही. माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, मीही पहिल्यांदा हसले ती एका बारशात, आणि रात्रभर झोप नाही.

विहिरीकाठची:
सासूबाईंना 32वा वाचून दाखवला. 'सही करून मग रडला होय!' म्हणाल्या.
विकलेलं दीड एकर परत येणार नाही, ते मला कळतं. उरलेल्याचा सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. नाव खोडलं जाईल म्हणून वारसनोंद टाळत होते. सोमवारी तलाठ्याकडे जाते. दस्तलेखक काका, कागद काय काय लागतील?

दस्तलेखक:
मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं घालून प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड. बाकी तलाठी सांगेल. झेरॉक्स दोन-दोन काढा, यिर्मयानेही दोनच केल्या होत्या.