दोन जनुकं एकाच वेळी गप्प करायची तर फीडिंग कसं करावं?

नवी_कृमीवाली: सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीत एंड-१ आणि एंड-३ ही आतडं घडवणारी जनुकं एकत्र नॉकडाउन (गप्प) करायची आहेत. यातलं एकच गेलं तर बहुतेक भ्रूणांत आतडं तयार होतंच, म्हणून जोडीच हवी. दोन्ही क्लोन (त्या-त्या जनुकाचा दुपदरी आरएनए बनवणारे जिवाणू; कृमी ते खातात आणि जनुक गप्प होतं) मिसळून प्लेटवर दिले, पण परिणाम फिका येतोय. कंट्रोल म्हणून एकेक क्लोन वेगळ्या प्लेटवर आहे. पुढे तिसरं जनुकही घ्यायचंय. काय बदलू?

जुनी_पेट्रीडिश: सगळ्यात आधी कंट्रोल बदल. मिश्रणात प्रत्येक क्लोन निम्माच उरतो आणि तुझ्या एकेरी प्लेटवर मात्र पूर्ण डोस जातोय. मग तुलना कशाची करणार? एकेरी क्लोनमध्ये रिकामा एल४४४० (जनुकाचा तुकडा न घातलेला प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ) असलेले एचटी११५ जिवाणू (फीडिंगसाठी वापरतात तो ई. कोलाय) १:१ मिसळ. तीन जनुकं असतील तर एक भाग क्लोन, दोन भाग रिकामा. यात अजिबात तडजोड नको, पुढचं सगळं वाचन यावरच उभं राहतं.

क्लोन वेगवेगळ्या नळ्यांत वाढव. एकाच नळीत ठेवलेस तर जोमाने वाढणारा दुसऱ्याला मागे टाकतो. ओडी ६०० (जिवाणूंची दाटी) मोजून सारखं कर, मगच मिसळ. आयपीटीजी (जिवाणूंत आरएनए बनवणं सुरू करणारं रसायन) ताजं वापर.

आणखी एक, दोन्ही जनुकं गाटा कुटुंबातली (इतर जनुकं चालू करणाऱ्या, एकमेकांसारख्या प्रथिनांची) आहेत. क्लोनमधले तुकडे एकमेकांशी कुठे जुळतात का ते तपासून घे, नाहीतर एकेरी कंट्रोलमध्येच दुसऱ्यालाही फटका बसेल.

अळी_आणि_अगार: दादांचं पटलं. शिवाय आरआरएफ-३ म्युटंट (ते जनुक बिघडलेले कृमी) वापरून बघ, त्यात आरएनएआय (आरएनएने जनुक गप्प करणं) जास्त जोरात चालतं. फक्त २५ अंशांवर ठेवू नकोस, पिल्लं मिळणार नाहीत. तिसऱ्या जनुकासाठी मी मिश्रण वाढवणार नाही. एका जनुकाचा म्युटंट घे आणि उरलेल्या दोघांचे तुकडे एकाच एल४४४० मध्ये जोड. दोन्ही एकाच जिवाणूत, म्हणजे प्रमाण बिघडायचा प्रश्नच नाही.

नवी_कृमीवाली: खूप आभार दोघांचे! आतडं नाही हे मोजायचं कसं? भ्रूण मेला एवढं पुरेल का?

जुनी_पेट्रीडिश: नाही पुरणार, भ्रूण शंभर कारणांनी मरतो. एल४ (शेवटच्या अळी-अवस्थेतले) उभयलिंगी कृमी प्लेटवर सोड, त्यांनी घातलेली अंडी पुरेशी वाढू दे आणि ध्रुवित प्रकाशात बघ. आतड्याच्या पेशींतले कण लख्ख चमकतात. शेजारी रिकाम्या एल४४४० वरची अंडी ठेव. तिथे कण दिसले आणि इथे नाहीत, तरच आतडं गेलं असं लिही.