तापलेल्या काचेवर टिकणारी खूण कशाने करावी?

प्रश्न

नमस्कार. प्रयोगशाळेला लागणारी छोटी काचेची उपकरणे बनवण्याचे काम मी वर्षभरापासून एलपीजी-ऑक्सिजनच्या बर्नरवर शिकत आहे. १२ मिमी व्यासाच्या बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या प्रयोगशाळेच्या काचेच्या) नळीला टोकापासून बरोबर ८५ मिमीवर बाजूची नळी जोडायची असते. परमनंट मार्करची खूण ज्योत लागताच नाहीशी होते, म्हणून मागच्या आठवड्यात हिरकणीने बारीक रेघ ओढली, तर नळी नेमकी त्याच रेघेवर तडकली. शिवाय काम निवल्यावर अंतर दोन-तीन मिमीने कमी भरते. काच तापून प्रसरण पावते, त्यामुळे हा फरक पडत असावा असे मला वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मार्करची शाई जळणारच. ओरखड्याचे म्हणाल, तर नळी कापताना आपण कानशीने ओरखडा पाडून त्यावर तापलेल्या काचकांडीचे टोक टेकवतो आणि नळी तडकवतो. खूण म्हणून आपण तेच करून बसलात.

प्रसरणाचा मात्र यात दोष नाही. बोरोसिलिकेटची ८५ मिमी लांबी ५०० अंशांनी तापवली, तरी ती जेमतेम ०.१४ मिमी वाढते आणि निवल्यावर पूर्ववत होते. आपली नळी आखूड होते ती पृष्ठताणामुळे: मऊ झालेली काच स्वतःला गोळा करते, भिंत जाड होते आणि तेवढी लांबी जाते. आपण बहुधा नळी सगळ्या बाजूंनी मऊ करत आहात. टोकदार ज्योतीने जोडापुरताच ठिपका तापवावा, आणि शेवटी सगळा जोड एकजीव करताना काच आटलीच, तर लाली ओसरण्याआधी हलकेच ओढून माप परत मिळवावे.

खुणेसाठी चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढण्याची अंडरग्लेझ पेन्सिल वापरून पाहावी. तिचा रंग धातूंच्या ऑक्साइडांचा असल्याने जळत नाही. पण खुणेखालची काचच मऊ झाली, तर रेघ तिच्यात कायमची बसते. म्हणून जोडाच्या जागी खूण करूच नये. जोडापासून ४० मिमी अलीकडे, जिथे काच कडक राहते तिथे, एक रेघ काढावी आणि कंपास ४० मिमीवर कसून तिथून माप घ्यावे. कंपासाचे थंड पोलादी टोक लाल काचेला टेकवू नये, नुसते वर धरून नजरेने जुळवावे. एकाच मापाच्या अनेक नळ्या करायच्या असतील, तर ग्राफाइटच्या पाटीवर खाचा कोरून घ्याव्यात आणि नळी त्यांच्याशी ताडून पाहावी.

प्रतिसाद २

मी मऊ काचेचे, म्हणजे कमी उष्णतेत वितळणाऱ्या साध्या काचेचे, मणी करते, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मण्यावर ठिपके समान अंतरावर बसवायचे असतील, तर लाली ओसरू लागताच पातळ पात्याने मधोमध हलकी घडी दाबते; ठिपके ठेवून झाले की मणी पुन्हा तापवताना ती घडी आपोआप भरून निघते. पाते क्षणभरच टेकवावे, रेंगाळले तर पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात.

आणखी एक शंका येते. आपण डिडिमियमचा चष्मा वापरता का? काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते आणि त्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशात शाबूत असलेली रेघसुद्धा दिसत नाही. हा चष्मा तेवढा पिवळा उजेड गाळतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. माझ्याकडे साधा काळा चष्मा होता. तो बदलला आणि ४० मिमीची युक्ती वापरून काल चार नळ्या केल्या, तीन ८४.५ ते ८५ मिमीमध्ये बसल्या. चौथीत ज्योत सरकून पेन्सिलची रेघ काचेत बसली आहे, आणि ती कशानेही निघत नाही.