मदत हवी आहे: 2013 च्या मस्टँगला 1970 च्या ट्रान्स-अ‍ॅम बॉस 302 चं रूप द्यायचंय. रंग की रॅप? आणि 'बॉस' लिहावं का?

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांबणार आहे, पण ज्यांनी स्वतः गाड्यांवर काम केलंय, विशेषतः रंगकाम, त्यांनी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये सेकंड हँड फोर्ड मस्टँग जीटी घेतली. 2013 ची, पांढरी, सहा गिअरची मॅन्युअल. तिला 1970 च्या ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन रेस मालिकेतल्या 15 नंबरच्या बॉस 302 चं रूप द्यायचं हे घेतानाच ठरवलं होतं. पार्नेली जोन्स चालवायचे ती गाडी.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रान्स-अ‍ॅममध्ये इंजिन पाच लिटरच्या आत असण्याची अट होती, आणि रेसमध्ये जे पळवायचं ते कंपनीला शोरूममध्येही विकावं लागायचं. म्हणून फोर्डने 1969 आणि 1970 अशी दोनच वर्षं मस्टँगची बॉस 302 ही खास आवृत्ती बनवली. 302 म्हणजे इंजिनाचं माप, घन इंचांत. साउथ कॅरोलिनातल्या बड मूर यांच्या टीमने 1970 मध्ये जोन्स (15) आणि जॉर्ज फॉल्मर (16) यांना घेऊन अकरापैकी सहा रेस जिंकल्या आणि फोर्डला अजिंक्यपद मिळवून दिलं. रिव्हरसाईडच्या शेवटच्या रेसमध्ये जोन्सना सुरुवातीलाच धक्का बसला आणि गाडी ट्रॅकबाहेर गेली. ते परत आले, एकेकाला गाठत पुढे सरकले आणि पहिले आले. त्या गाडीचे फोटो मी किती वेळा मोठे करून पाहिलेत! पुढचा स्पॉयलर जमिनीला टेकायला आलेला, बाजूने काळा पट्टा, शाळेच्या बससारखा पिवळा रंग.

आता अडचणी.

पहिली पट्ट्याची. 1970 च्या रस्त्यावरच्या बॉसचा हॉकी स्टिकसारखा पट्टा आठवा. बॉनेटवरून येतो, फेंडरवर वळतो आणि खांद्याखालून मागे जातो. फोर्डचे डिझायनर लॅरी शिनोडा यांनी काढलेला. पट्टे कापून देणाऱ्या इथल्या एका दुकानाने मला जुन्या गाडीच्या मापाचाच संच दिला. मी म्हटलं, दोन्ही गाड्यांच्या लांबीत जेमतेम एक इंचाचा फरक आहे, बसेल. चिकटवण्याआधी त्याच मापाने काळी टेप लावून पाहिली आणि जीव खट्टू झाला. पट्टा दोऱ्यासारखा दिसतो. शिवाय बॉनेटवरची रेघ आणि फेंडरवरची रेघ एकमेकींना दोन बोटांनी चुकतात. दुकानदार म्हणतो माल परत घेणार नाही.

दुसरी, रंग की रॅप, म्हणजे पत्र्यावर चिकटवायचं रंगीत विनाइल? रॅप स्वस्त, लवकर होतो, उद्या काढताही येतो. पण दार उघडलं की आतली चौकट पांढरीच. ते मला पाहवणार नाही.

तिसरी, चाकं. मूळ रेस गाडीला मिनिलाईटची 15 इंची मॅग्नेशियम चाकं होती. पाच बोल्टच्या वर्तुळाचं 114.3 मिलिमीटर माप जुन्या आणि नव्या गाडीला सारखंच आहे. मग जुनी चाकं बसतील का?

चौथी मला सगळ्यात जास्त सतावते. गाडीवर 'बॉस' लिहावं का? फोर्डने 2012 आणि 2013 मध्ये नवी बॉस 302 काढली होती, 444 अश्वशक्तीची. माझी साधी जीटी, 420 ची. ओळखीचे लोक म्हणतात लिही, कोणाला काय कळतंय. मला कळतं ना.

आणि एक. माझे वडील कोल्हापुरात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची अक्षरं, तालमीच्या भिंती. वय 71, हात अजून स्थिर आहे. जुलैत ते इकडे येताहेत. दारांवरचा 15 त्यांनी ब्रशने रंगवावा अशी माझी फार इच्छा आहे. हे रॅपवर जमतं का? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक असते, तोवर गाडी तयार हवी.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद: घाटरस्ता

दादा, पट्ट्याचं उत्तर लांबीत नाही, उंचीत आहे. 1970 ची मस्टँग साडेपन्नास इंचांच्या आसपास उंच होती, तुमची त्याहून पाचेक इंच जास्त. ती सगळी वाढ दाराच्या पत्र्यात गेली आहे, काच उलट बारीक झाली. मोठ्या पत्र्यावर जुन्या मापाचा पट्टा काडीसारखाच दिसणार. म्हणून इंच मोजू नका, प्रमाण मोजा. जुन्या गाडीच्या अगदी बाजूने काढलेल्या फोटोत, काचेच्या खालच्या कडेपासून दाराच्या तळापर्यंत पट्टा कितवा हिस्सा व्यापतो ते काढा आणि तोच हिस्सा तुमच्या दारावर धरा. पुन्हा टेप लावा, वीस पावलं मागे जाऊन बघा. मग तासाभराने परत बघा. डोळा सरावला की चूक दिसत नाही.

बॉनेट आणि फेंडरची रेघ मात्र बॉनेट बंद करून, फटीच्या दोन्ही बाजूंना एकाच सलग टेपने आखा. कापायचं ते नंतर. घेतलेला संच वाया गेला असं समजा आणि विसरा.

प्रतिसाद: लेकसाईड

चाकांबद्दल. बोल्ट बसतील, चाक बसणार नाही. 15 इंची चाकाच्या आत तुमच्या पुढच्या ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर मावतच नाहीत. दुसरं म्हणजे ऑफसेट. जुन्या चाकात बोल्टचा पत्रा साधारण मध्यावर असायचा, तुमच्या गाडीला तो बराच बाहेरच्या अंगाला लागतो. जुन्या ऑफसेटचं रुंद चाक लावलंत तर टायर फेंडरच्या बाहेर डोकावेल. मिनिलाईटसारख्या आठ आऱ्यांची 18 इंची चाकं नव्या मस्टँगच्या ऑफसेटमध्ये बघा. रंग करडा, चकाकी नको. टायरची बाजू जितकी जाड ठेवता येईल तितकी ठेवा, कारण जुन्या रेस गाडीचा रुबाब त्या जाड टायरमध्येच असतो. हे फार कमी लोक पाळतात, आणि म्हणूनच बऱ्याच अशा गाड्या फोटोत बऱ्या दिसतात पण समोर आल्या की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

मिशिगनमध्ये पुढे नंबर प्लेट लागत नाही, तेव्हा बंपर स्वच्छ राहील. ओहायोतल्या आम्हालाही आता लागत नाही.

प्रतिसाद: शाईपेन

मी इन्शुरन्समध्ये काम करते म्हणून तेवढंच सांगते. काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. साध्या पॉलिसीत अपघातानंतर बाजारभाव मिळतो, तोही साध्या जीटीचा. रंगाचे आणि चाकांचे पैसे त्यात धरले जातीलच असं नाही. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ची पॉलिसी घेता आली तर रक्कम आधीच ठरते. रंग बदलल्याचंही सांगा.

'बॉस'बद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिहू नका. आज तुम्ही खरं सांगाल, पण पाच वर्षांनी गाडी विकलीत आणि पुढच्याने ती बॉस म्हणून तिसऱ्याच्या गळ्यात मारली तर? चासी नंबरवरून इंजिन कुठलं ते कळतं, पण तो बघण्याची तसदी सगळेच घेत नाहीत.

प्रतिसाद: घाटरस्ता

शाईपेन ताईंशी सहमत. पण दादा, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही का? तुमच्या जीटीचं इंजिन 4951 सीसीचं आहे. घन इंचांत मांडून बघा. 302 येतात! म्हणजे 'बॉस' खोटं, पण '302' शंभर टक्के खरं. मस्टँगमध्ये बदल करून विकणाऱ्या सलीन कंपनीने 2007 मध्ये खुद्द पार्नेली जोन्स यांच्या नावाने केशरी मस्टँग काढली, तेव्हा त्या आकड्यासाठी 4.6 लिटरचं इंजिन वाढवून 302 केलं होतं. तुम्हाला तो फोर्डने घरपोच दिलाय. पट्ट्यात नुसतं 302 लिहा.

आता वडिलांचं. रॅपवर इनॅमल बसतो, पण विनाइल उन्हात ताणतं-आकसतं आणि रंगाला केसासारखे तडे जातात. शिवाय रॅप काढलात की त्यांचा हात गेला. हे एकच कारण मला रंगासाठी पुरेसं वाटतं. दारांच्या चौकटींसकट पूर्ण पिवळा रंग करून घ्या, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी आत गेली पाहिजे, कारण नव्या रंगाला पुरतं वाळायला तीन-चार आठवडे द्यायचे असतात. मग आकड्यापुरता भाग घासायच्या करड्या पॅडने हलका घासायचा, पुसून घ्यायचा आणि त्यावर पाट्यांचा इनॅमल, थोडं हार्डनर घालून. वरून पुन्हा क्लिअर मारू नका. इनॅमल नीट मुरलेला नसला तर सुरकुत्या येतात. ब्रशच्या कडा बोटाला जाणवू देत.

एकदम गाडीवर हात घालायला लावू नका. भंगारातून एक दार आणा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 302 चा हिशोब मी तीनदा केला. इतके महिने गाडी दारात उभी आहे आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ठरलं. पूर्ण रंग, 'बॉस' नाही, 302. चाकं 18 इंची, करडी. पट्टा प्रमाणाने आखतोय. काल टेपची तिसरी खेप लावली, फेंडरवरची जोड आता सलग दिसते. मागच्या काचेवरच्या झडपांसारख्या आडव्या पट्ट्या घेणार होतो, त्या रद्द केल्या. रेस गाडीच्या फोटोंत त्या दिसत नाहीत.

शनिवारी भंगारातून डावं दार आणलं. त्याच पिढीच्या मस्टँगचं, निळं, आरसा तुटलेला. गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आडवं नको ठेवूस. गाडीला असतंय तसं उभं कर, पत्र्याला पोट किती आहे ते दिसू दे. पाचचा गोल नेमका पोटावर आला तर लांबून तो फुगलेला दिसतोय, एक जरा बारीक काढावा लागंल." सुताला खडू लावून आधाराची रेघ मारणार म्हणाले, टेप नको. खारीच्या केसांचे दोन ब्रश ते सोबत आणताहेत.

एकच शंका उरली आहे. इथल्या इनॅमलमध्ये हार्डनर घातल्यावर ब्रशने काम करायला साधारण किती वेळ मिळतो? बाबा सावकाश काम करतात, आणि मला त्यांना घाई करायची नाही.