मदत हवी आहे: १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता १००.४ टक्के येतेय!

नमस्कार मंडळी. अकोल्यातल्या एका दाल मिलचं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स माझ्याकडे आहे. एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, मिलचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर: क्षमता १०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट. जुना आहे, पण टेस्ट सर्टिफिकेट फाइलीत सापडलं. नो-लोड लॉस (नुसता चालू असला तरी होणारा) २६० वॅट, फुल लोडला लोड लॉस (लोडच्या करंटमुळे होणारा) १७६० वॅट, इम्पीडन्स (एक बाजू शॉर्ट करून पूर्ण करंट वाहायला लागणारं व्होल्टेज) ४.५ टक्के.

मध्यंतरी एक विक्रेता आला. एचटी मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि एलटीला (४३३ व्होल्टच्या बाजूला) लावलेल्या टाँग टेस्टरचा (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) आकडा यांचा भागाकार केला आणि शेठना म्हणाला, "तुमचा ट्रान्सफॉर्मर ९४ टक्क्यांवर आलाय. नवा घ्या, वर्षात पैसे वसूल." शेठ आता माझ्यामागे.

म्हणून मी महिन्याची युनिटं ताडून पाहिली. गेल्या महिन्यात एचटी १०,९६०, एलटी पॅनेल मीटर १०,५१०. म्हणजे ९५.९ टक्के. या महिन्यात एचटी ११,२४०, एलटी ११,२८०. म्हणजे १००.४! वीज आत कमी आणि बाहेर जास्त?

एचटीचं रीडिंग बिलावरचं आहे, एलटीचं ऑपरेटर वहीत लिहितो. पॅनेल मीटर आणि सीटी (मीटरसाठी करंट कमी करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) दोन्ही क्लास १, म्हणजे एक टक्का चुकीचे. मिल रोज ८ तास, महिन्याला २६ दिवस, लोड सरासरी ५५ टक्के, पीएफ (पॉवर फॅक्टर) ०.९७. खरी एफिशियन्सी मोजायची कशी?

कोअरलॉस:
भाऊ, एलटीचं रीडिंग ऑपरेटर नेमकं किती वाजता घेतो? बिलाच्या वेळेलाच घेतो का?

धागाकर्ता:
नाही दादा. शिफ्ट संपता संपता, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

कोअरलॉस:
मग निम्मं उत्तर तिथेच आहे. तुमची मिल दिवसाला ४३० च्या आसपास युनिटं खाते. रीडिंग अर्धी शिफ्ट पुढेमागे झालं की दोनशे युनिटं इकडची तिकडे. दोन्ही महिने एकत्र करा: २१,७९० भागिले २२,२००, म्हणजे ९८.२. झालं ना जमिनीवर?

पण या ९८.२ वरही विसंबू नका. तुम्हाला शोधायचाय दोन-अडीच टक्क्यांचा लॉस, आणि मीटर एक टक्का चुकणार, सीटी आणखी एक टक्का, कमी करंटला त्याहून जास्त. एवढ्या चुकीत तो लॉस बुडूनच जातो. टाँग टेस्टरचं तर नावच नको. म्हणून ट्रान्सफॉर्मरची एफिशियन्सी आत-बाहेर मोजून काढतच नाहीत. लॉस वेगळे मोजतात आणि त्यावरून हिशेब करतात. लॉस मोजताना पाच टक्के चूक झाली तरी एफिशियन्सीत फरक पडतो ०.१ टक्क्याच्या आसपास.

डीपीवाला:
वरच्यांना अनुमोदन. साइटवर कसं करतात ते सांगतो. परमिट घेऊन, दोन्ही बाजू सोडवून, अर्थ करून मगच, आणि लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच.

नो-लोड: एलटीला ४३३ व्होल्ट द्यायचे, एचटी मोकळी. एचटीच्या बुशिंगवर (जोडणीच्या टोकांवर) तेव्हा पूर्ण ११ केव्ही असतात, हे सगळ्यांना ओरडून सांगा. करंट जेमतेम दोन-चार अँपियर आणि पीएफ अगदी कमी, त्यामुळे पॅनेलचा १५०/५ सीटी इथे कुचकामी. चांगला पॉवर अॅनालायझर थेट जोडा.

लोड लॉस: एलटी जाड पट्टीने शॉर्ट करून एचटीला व्होल्टेज द्यायचं. पूर्ण करंट (एचटीला ५.२५ अँपियर) वाहायला ४९५ व्होल्ट लागतील. साधी ४१५ ची सप्लाय दिलीत तर ४.४ अँपियर वाहतील. तेही चालतं, आलेले वॅट १.४२ ने गुणा. मग आकडा हिशेबाने ७५ अंशांवर आणा: वाइंडिंग ३० अंशांवर असेल तर आय-स्क्वेअर-आर (वाइंडिंगच्या रेझिस्टन्समुळे होणारा लॉस) साधारण १७ टक्क्यांनी वाढतो.

कोअरलॉस:
आणि टेस्टचा खर्च करण्याआधी शेठपुढे हा कागद ठेवा. सर्टिफिकेटचे आकडे धरू.

नो-लोड २६० वॅट, ७२० तास: १८७ युनिट. लोड लॉस ०.५५ चा वर्ग गुणिले १७६०, म्हणजे ५३२ वॅट, २०८ तास: १११ युनिट. एकूण महिन्याला २९८. मिल चालू असताना एफिशियन्सी ९८.५ टक्के, रात्री आणि सुट्टीला तो रिकामा तापत राहतो म्हणून महिन्याची ९७.३ च्या आसपास.

आता मुद्दा. नव्या ट्रान्सफॉर्मरचा लॉस *शून्य* धरला, जो कधीच नसतो, तरी महिन्याला २९८ युनिटंच वाचतील. १० रुपये युनिट धरा, वर्षाला ३६ हजारांच्या आत. एवढ्यात १०० केव्हीए येत असेल तर आजच घ्या, मलाही एक पाठवा.

खरी तुलना: आयएस ११८० (अशा ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक) च्या २०१४ च्या आवृत्तीत १०० केव्हीए, लेव्हल २ (कार्यक्षमतेची पातळी) ला एकूण लॉसची मर्यादा ५० टक्के लोडला ४७५ वॅट. तुमचा त्याच लोडला ७००. फरक २२५ वॅट. पुढेमागे बदलायची वेळ आली तर कोटेशनमध्ये नो-लोड लॉस वेगळा लिहून मागा, कारण तुमच्याकडे तोच जास्त युनिटं खातो.

धागाकर्ता:
दादा, आकडेमोड बघून शेठ गप्प झाले. :) टेस्ट तरी करून घेऊ म्हणतात, सर्टिफिकेट जुनं आहे. आणखी एक, सीझन संपल्यावर एबी स्विच (एचटी पुरवठा तोडणारा स्विच) पाडून ठेवला तर महिन्याला १८७ युनिटं वाचतील ना?

डीपीवाला:
वाचतील, पण डिमांड चार्ज (मंजूर मागणीवरचा आकार) चालूच राहील. पावसाळ्यात बंद ठेवलात तर सिलिका जेल (आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणारे खडे) बघत राहा. परत चार्ज करण्याआधी मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) आणि तेलाचा बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सहन करतं त्याची टेस्ट) घेतल्याशिवाय स्विच मारू नका.