पुढची चाकं ओढणारी गाडी घ्यावी की मागची ढकलणारी?

राहतो कोल्हापुरात, रोजचं ऑफिस 12 किमी, पण महिन्यातून दोनदा आंबा घाट उतरून साखरप्याजवळ गावी जातो आणि शेवटचा चढ तांबड्या मातीचा आहे, पावसात नुसता चिखल. जुनी इनोव्हा क्रिस्टा (मागची चाकं ढकलणारी) घेऊ की नवी अर्टिगा (पुढची ओढणारी)? मित्र म्हणतो घाटात मागची चाकंच पाहिजेत.

> मित्राला सांगा डांबरी घाटात टायर चांगले असले की काही फरक पडत नाही. अर्टिगात इंजिनचं वजन पुढच्या चाकांवरच बसतं, ओल्या रस्त्यावर पकड मिळते, इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) मधे नाही म्हणून गाडी हलकी, ॲव्हरेज बरं. इनोव्हासुद्धा हायक्रॉस या नव्या मॉडेलपासून पुढच्या चाकांवर आलीच की.

> रोजच्यासाठी ठीक ओ, पण तो शेवटचा चढ विसरू नका!! आमच्याकडे गणपतीला सहा माणसं आणि डिकीत नारळाची पोती, चढावर सगळं वजन मागे गेलं आणि पुढची चाकं जागेवर फिरत बसली, वास यायला लागला क्लचचा. शेवटी काकांनी गाडी फिरवून रिव्हर्समधे चढवली, वजन पुढच्या चाकांवर आलं, बरोब्बर गेली.

> रिकामी असेल तर उलटं होतं, मागची चाकं ढकलणारी पिकअप रिकामी घेऊन चिखलात जाऊन बघा, शेपूट हलवते नुसती. आणि पुढच्या चाकांची जुनी गाडी बघताना स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, कट्कट् आवाज आला की पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याचा जॉईंट गेलाय.

मग अर्टिगाच बघतो, पोती टेम्पोने पाठवू 😄