बाळंतपणानंतर जास्त रक्त जातंय हे कसं ओळखलंत? (अनुभव धागा)

कोयनाकाठ : काल भाची साताऱ्यात बाळंत झाली. तिथली सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट आहे ना बघत होती. मला पाटणकडची नोकरी आठवली. पावसाळा, लाईट गेलेली. बाळ रडलं, वार पडली, सगळे खूश. बाळंतीण मात्र सारखं पाणी मागत होती. वरचं पॅड फारसं भिजलं नव्हतं, पण नाडी १२०. कुशीवर वळवलं तर पाठीखालची गादी ओलीचिंब! पिशवी कणकेसारखी मऊ. चोळायला घेतली, ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायचं औषध), सलाईन, १०८. वाचली. तिचा मुलगा आता शाळेत जातो. तुम्हाला कशावरून कळलं ते लिहा.

मिरजेची सिस्टर : नाडीच. तरुण बाईचं बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकून राहतं, त्यावर विसंबू नका. नुसत्या नजरेचा अंदाज कायम कमी येतो. आम्ही पॅड काट्यावर ठेवतो, कोऱ्याचं वजन वजा करायचं, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. ५०० झालं की डॉक्टरांना हाक. आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही सोसत नाही, तिथे ५०० ची वाट बघायची नाही.

जतची सून : माझी पिशवी घट्ट होती तरी धार चालूच. सासूबाई म्हणाल्या बाळंतपणात जायचंच. सिस्टर ऐकेना, डॉक्टरांना परत बोलावलं. आत फाटलं होतं, टाके घातले. त्या माउलीला आजही नमस्कार करते. बाळ उठलं, नंतर लिहिते

नाईट ड्युटी : लघवी!! कुणीच लिहिलं नाही. मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी वर आणि एका बाजूला सरकते, आवळत नाही. आमच्या सीनियर ताईंचा पहिला प्रश्न हाच असायचा. नळी घालून लघवी काढली की कितीदा तरी पिशवी हाताखाली घट्ट होते.

वाळव्याहून : जावेला बाळाचं बारसं झाल्यावर रक्त जायला सुरू झालं. गाठी, ताप, घाण वास. आम्ही आपलं शेक-शेगडी करत बसलेलो. वारेचा तुकडा आत राहिला होता. तासाभरात अख्खं पॅड भिजलं तर घरी थांबूच नका.
बाकी हळिवाचे लाडू कधीपासून द्यायचे?

मिरजेची सिस्टर : पचत असतील तर द्या, पण लाडवानं रक्तस्राव थांबत नाही. @कोयनाकाठ, ट्रॅनेक्सामिक (रक्तस्राव कमी करायचं औषध) तेव्हा मिळायचं का? बाळंतपणापासून ३ तासांच्या आतच द्यायचं असतं, म्हणून लवकर ओळखणं.

कोयनाकाठ : नव्हतं हो आमच्याकडे. चोळत चोळतच गाडीत बसले. घाटात हात सोडला नाही.

नाईट ड्युटी : 🙏🙏 @जतची सून, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? चहाबरोबर घेऊ नका. उमदीकडच्या का तुम्ही?

जतची सून : हो चालू आहेत, लिंबूपाण्याबरोबर घेते. माहेर डफळापूर. झोपलं एकदाचं