[मंडळ-लिस्ट] लाडूचा इन्शुरन्स, शुक्रवारच्या आत सांगा

मंडळी,
आमच्या कुत्र्याची, लाडूची, पॉलिसी घेऊन शुक्रवारी ३० दिवस होतात. कॅलिफोर्नियात तोवर क्लेम केला नसेल तर पॉलिसी रद्द करून पैसे परत मिळतात, म्हणून घाई. महिना ३८ डॉलर, डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारे, ५००; त्यावरच्या बिलाचे ८० टक्के कंपनी देते. साडेतीन किलोच्या कुत्र्याला! अडचण अशी की पहिल्याच तपासणीत व्हेटने ‘डाव्या गुडघ्याची वाटी सरकते’ असं लिहून ठेवलंय. आधीचं दुखणं म्हणून डावा पाय पॉलिसीतून बाद. मग ठेवू की रद्द करू?
वैशाली

वैशाली,
गणपतीच्या हॉलवाल्यांना इन्शुरन्सचं सर्टिफिकेट सोमवारीच पाठवलं आहे. दर वर्षी हेच विचारता.
खजिनदार

काका, कुत्र्याचा इन्शुरन्स.
वैशाली

अगं, उजवाही बाद झाला असं धर. आमच्या चिकूच्या पॉलिसीत कलम होतं: एका बाजूला आधीपासून दुखणं असेल तर दुसऱ्या बाजूचंही आधीचंच मानणार. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ३,८०० ला पडलं, क्लेम नामंजूर. एरवी २,६४० परत आले असते. पॉमेरेनियन, यॉर्की, चिहुआहुआ, सगळ्यांची रड गुडघ्याचीच. तुझ्या पॉलिसीत ते कलम शोध. फोनवर सगळे गोडच बोलतात.
मिलिंद

मी तर दर महिन्याला ३८ डॉलर वेगळ्या खात्यात टाकते. कंपनीचं पोट कशाला भरायचं? शिवाय कुत्रं म्हातारं होत जातं तसा हप्ता चढतो, ते कोणी सांगत नाही. दात साफ करायचे पैसेही बहुतेक देत नाहीत, आणि छोट्या कुत्र्यांचे दातच आधी जातात.
सुमाताई

सुमाताई, वर्षाचे झाले ४५६. पहिल्याच वर्षी काही झालं तर? मागच्या गणपतीत आमच्या ब्राउनीने प्रसादाचा शिरा खाल्ला, त्यात बेदाणे. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. दोन दिवस सलाइन, २,९०० बिल. डिडक्टिबल जाऊन १,९२० परत आले. द्रोण खाली कोणी ठेवला त्यात मी आता पडत नाही.
अश्विनी

पडलीसच की. आमच्या आर्यनने ठेवला नव्हता.
मिलिंद

शिऱ्यात बेदाणे घालणारच. सत्यनारायणाचा प्रसाद आहे तो, कुत्र्यांना विचारून करत नाही. किचन कमिटीला यात ओढू नये.
सुमाताई

कलम सापडलं, पान ११. दोन्ही गुडघे बाद. तरी ठेवतेय, डिडक्टिबल १,००० केलं की हप्ता २६ वर येतो. गुडघ्यासाठी सुमाताईंसारखं खातं उघडते. बेदाण्यांसाठी पॉलिसी. यंदा लाडूला गणपतीला आणते, पण कडेवरच ठेवीन.
वैशाली

वैशाली,
हॉलच्या करारात पाळीव प्राण्यांना मनाई आहे. पान ४. मागच्या वर्षी ब्राउनी आत कशी आली हे मला कोणी कळवलेलं नाही.
खजिनदार